अक्षरपटलसिद्धी: अधिकार, अभाव आणि प्रायश्चित्त

ज्या काळ्या, चित्रहीन, केवळ अक्षरांनी व्यापलेल्या पटलास व्यवहारात टर्मिनल म्हणतात, त्या पटलाच्या इष्ट पंक्तीत व इष्ट स्तंभात इष्ट अक्षर, प्रोग्रामकर्त्याच्या इच्छेनुसार आणि इतर अक्षरांना धक्का न लावता प्रकट होणे, या अवस्थेस आम्ही 'अक्षरपटलसिद्धी' अशी संज्ञा देतो. या लक्षणातले एकही पद फुकाचे नाही. 'इष्ट पंक्तीत' हे पद गाळले तर साध्या प्रिंट आज्ञेवर अतिव्याप्ती होते. प्रिंटनेही अक्षर उमटते, पण ते कर्सर जिथे असेल तिथे. 'इच्छेनुसार' हे पद गाळले तर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्याने उमटणारी अक्षरेही सिद्धीत मोजावी लागतील. 'इतर अक्षरांना धक्का न लावता' हे पद ठेवल्यामुळे मात्र बहुतेक साधकांचे पहिले प्रयत्न लक्षणाबाहेर पडतात. त्याला आमचा इलाज नाही.

शास्त्रारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे. विषय: कर्सेस नावाची लायब्ररी व तिची संतती. प्रयोजन: पटलाच्या मध्यभागी एक चौकट काढून तीत 'हॅलो' लिहिणे. याहून मोठे प्रयोजन मनात धरून येणारे साधकही आढळतात, पण तेही प्रथम याच चौकटीपाशी अडकत असल्याने त्यांचा वेगळा विचार केलेला नाही. अधिकारी: ज्याच्या टेबलावर माऊस आहे आणि ज्याला तो वापरायचा नाही, असा पुरुष किंवा स्त्री. संबंध: साधक आणि एरर मेसेज यांच्यातला, तो नित्य आहे.

आता परंपरा. पटलाची रुंदी ८० स्तंभांची का, याचे उत्तर आयबीएमच्या १९२८ सालच्या पंच कार्डात शोधावे लागते. ते कार्ड ८० स्तंभांचे होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली व्हीटी१०० हे टर्मिनल आणले, त्यातही ८० स्तंभ व २४ पंक्ती होत्या. अशा रीतीने १९२० कोष्ठकांचे हे क्षेत्र निश्चित झाले. त्या काळी कर्सर हलवण्याचे संकेत दर टर्मिनलचे निराळे असत. त्या सर्वांची नोंदवही म्हणून बिल जॉय यांनी टर्मकॅप रचले. बर्कली विद्यापीठात केन आर्नोल्ड यांनी व्हीआय या एडिटरातील कर्सर हलवण्याची युक्ती बाहेर काढून तिला स्वतंत्र लायब्ररीचे रूप दिले. तीच कर्सेस. पुढे मार्क हॉर्टन यांचे टर्मइन्फो आले, १९८२ मध्ये पावेल कर्टिस यांची पीकर्सेस आली आणि तिच्यातून १९९३ मध्ये झेयद बेन-हलिम यांची एनकर्सेस निघाली. नंतर एरिक रेमंड यांनी तीत भर घातली, आणि त्यापुढे थॉमस डिकी यांनी काही दशके ती एकहाती सांभाळली. या शास्त्राचा पहिला मोठा उपयोग कोणता, असे जिज्ञासू विचारतात. तो रोग नावाच्या खेळात झाला. त्यात साधक स्वतः ॲट या चिन्हाच्या रूपाने तळघरात उतरतो आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या रूपातील राक्षस त्याला खातात. हा इतिहास गंभीरपणे घ्यावा.

सिद्धी ही भावरूप असल्याने तिच्याआधी अभावाचा विचार प्राप्त होतो. न्यायदर्शनाने अभावाचे चार प्रकार मानले आहेत. लायब्ररी इन्स्टॉल करताना ते चारही जसेच्या तसे अनुभवास येतात, याकडे आजवर कोणाचे लक्ष कसे गेले नाही, हे एक कोडेच आहे.

१. प्रागभाव. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव. हा अनादी, पण सान्त. नव्या उबुंटूवर साधक प्रोग्राम कंपाइल करतो आणि 'कर्सेस डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असे उत्तर मिळते. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. लायब्ररी यंत्रात बहुधा असतेच, कारण इतर प्रोग्राम तिच्यावर चालत असतात. नसते ती हेडर फाइल. वस्तू आहे, वर्णन नाही. लिबएनकर्सेस-डेव्ह हे पॅकेज घातले की हा अभाव निवर्ततो.

२. प्रध्वंसाभाव. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव. याला आरंभ आहे, अंत नाही. जुना प्रोग्राम लायब्ररीची पाचवी आवृत्ती मागतो. सहावी २०१५ मध्ये आली, आणि नव्या यंत्रात तीच बसलेली असते. अशा वेळी काही जण सिम्बॉलिक लिंकने सहावीलाच पाचवीचे नाव देतात. हे दत्तकविधान अशास्त्रीय आहे. ते पुष्कळदा चालून जाते, आणि शास्त्रकाराला खटकते ते हेच.

३. अत्यंताभाव. तिन्ही काळी असणारा अभाव. उदाहरण: विंडोजवरील पायथन. तिथे कर्सेस नावाचे फोल्डर असते, त्यात फाइलीही असतात, पण इम्पोर्ट करताच 'नो मॉड्यूल नेम्ड अंडरस्कोर कर्सेस' असा संदेश येतो. म्हणजे कर्सेस आहे. तिच्या आत जी अंडरस्कोरयुक्त कर्सेस असायला हवी, ती नाही. देह आहे, प्राण नाही. यावर विंडोज-कर्सेस हे वेगळे पॅकेज पिपने आणून घालावे लागते. ते पीडीकर्सेस या दुसऱ्या कुळातल्या लायब्ररीवर उभे आहे. प्राण परक्या कुळातला असला तरी देह चालतो, इतकेच येथे नोंदवतो.

४. अन्योन्याभाव. 'घट हा पट नव्हे' अशा स्वरूपाचा अभाव. हा चारींत सर्वांत दुर्बोध, म्हणून येथे थोडे थांबू. साधक शिकायला बसतो. कर्सेस शिकत असल्यामुळे तो आपल्या फाइलीला सद्भावनेने 'कर्सेस डॉट पीवाय' असे नाव देतो. पहिल्या ओळीत 'इम्पोर्ट कर्सेस' लिहितो. पायथन इम्पोर्टचा शोध, स्क्रिप्ट ज्या फोल्डरात आहे तिथूनच सुरू करतो. तिथे त्याला कर्सेस डॉट पीवाय सापडते, आणि ती तो आणतो. म्हणजे फाइल स्वतःलाच आणते, स्वतःत पटल सुरू करणारी इनिटस्क्र ही आज्ञा शोधते आणि कळवते की कर्सेस नावाच्या मॉड्यूलमध्ये इनिटस्क्र नाही. हे विधान अक्षरशः सत्य आहे. नव्या आवृत्त्या त्याला 'बहुधा वर्तुळाकार इम्पोर्टमुळे' अशी पुस्तीही जोडतात. साधक मात्र लायब्ररी काढून पुन्हा घालतो, मग पायथन काढून पुन्हा घालतो. फाइलीच्या नावाकडे त्याची दृष्टी जात नाही, कारण ते नाव त्यानेच ठेवलेले असते.

या अभावाच्या निवृत्तीविषयी दोन उपपंथ आहेत. नामांतरवादी फाइलीचे नाव 'टेस्ट डॉट पीवाय' करतात. त्या नावाचेही एक पॅकेज पायथनमध्ये आधीपासून आहे, ही गोष्ट त्यांना सहसा कोणी सांगत नाही, आणि सहसा सांगावीही लागत नाही. दुसरा पंथ कर्मविपाकवाद्यांचा. पायथन २ च्या काळी फाइलीचे नाव बदलले तरी तिने पूर्वी स्वतःला आणताना तयार झालेली पीवायसी फाइल शेजारीच पडून राही आणि तोच एरर पुन्हा देई. नाव बदलले, गाव बदलले, तरी पूर्वसंचित सुटत नाही, असा या पंथाचा सिद्धांत. पायथन ३ ने पीवायसी वेगळ्या फोल्डरात ठेवून मूळ फाइल नसेल तर तिच्याकडे न पाहण्याचे ठरवल्यापासून या पंथाला उतरती कळा लागली आहे.

आयडीईच्या खालच्या चौकटीत प्रोग्राम चालवणाऱ्यांना 'टर्मिनल सापडले नाही' या अर्थाचा जो संदेश मिळतो, त्यावरून काही नव्य विचारक 'आधाराभाव' हा पाचवा प्रकार मानतात. ती चौकट टर्मिनल नसते, तिथे टर्म हे पर्यावरणचल भरलेले नसते, हे आम्हाला मान्य आहे. पाचवा प्रकार मान्य नाही, कारण प्रकार चारच आहेत.

सी भाषेच्या साधकास लिंकिंग नावाचा आणखी एक संस्कार करावा लागतो. त्यात एल-एनकर्सेस हे पद स्रोतफाइलीच्या नंतर लिहावे, आधी नव्हे. बऱ्याच यंत्रांवर लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररी आधी आली तर तोवर कोणी काही मागितलेले नसल्याने तो तिच्यातून काही न घेता पुढे जातो, आणि नंतर फाइल येऊन इनिटस्क्र मागते. पंगत बसण्याआधीच वाढपी शेवटच्या पानापर्यंत जाऊन यावा, तसा हा प्रकार. 'अनडिफाइंड रेफरन्स' या संदेशाचा अर्थ एवढाच असतो. क्रमाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे नाही.

महाराष्ट्रातील इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा कॉलेजांत ज्यांची दीक्षा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर झाली, त्यांच्या बाबतीत पूर्वसंस्काराचा प्रश्न उभा राहतो. प्रॅक्टिकलच्या प्रत्येक प्रोग्रामच्या आरंभी क्लिअरस्क्र, अंती गेटच, आणि माथ्यावर कोनियो डॉट एच. जर्नलच्या पानापानावर हा विधी लिहिलेला असतो. क्लिअरस्क्र का, असे व्हायव्हात विचारले तर 'स्क्रीन क्लिअर करायला' हे उत्तर, आणि गेटच का, याला 'सर, आउटपुट दिसावं म्हणून' हे उत्तर. दोन्ही उत्तरांना गुण मिळत. लिनक्सवर कोनियो डॉट एच नसते. तिचा विरह सहन करून साधक कर्सेसकडे वळतो, तेव्हा तो दोन परस्परविरोधी दर्शनांच्या सीमेवर उभा असतो. टर्बो सी हे स्तंभपूर्ववादी दर्शन आहे: गोटूएक्सवाय या आज्ञेत आधी स्तंभ, मग पंक्ती, आणि मोजणी एकापासून. कर्सेस पंक्तिपूर्ववादी आहे: मूव्ह या आज्ञेत आधी पंक्ती, मग स्तंभ, आणि मोजणी शून्यापासून. म्हणून जर्नलातले १०, ५ हे अंक जसेच्या तसे उतरवले, तर पाचव्या पंक्तीतल्या दहाव्या स्तंभात अपेक्षित असलेला शब्द अकराव्या पंक्तीतल्या सहाव्या स्तंभात प्रकटतो. योग्य रूपांतर ४, ९ असे आहे. आमचा कौल पंक्तिपूर्ववादाला आहे, कारण मराठी मजकूर आम्ही ओळीने वाचतो. स्तंभपूर्ववाद्यांनी भूमितीचा दाखला देऊ नये. भूमितीत वाय वर वाढतो, पटलावर खाली.

आता रिफ्रेशमीमांसा. या शास्त्राचा हा गाभा आहे, आणि साधकांचे सर्वाधिक तास येथेच खर्ची पडतात. साधक पटलावर लिहिण्याची आज्ञा देतो, प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, आणि पटल कोरे राहते. याचे कारण असे की आज्ञा प्रत्यक्ष पटलावर लिहीत नाही. ती लायब्ररीच्या मनातील पटलावर लिहिते. पटल कसे असावे याचे एक चित्र लायब्ररी ठेवते, आणि ते सध्या कसे आहे असे तिला वाटते, याचे दुसरे. रिफ्रेश म्हणताच ती दोन्ही चित्रांतला फरक काढते आणि तेवढाच टर्मिनलकडे पाठवते. या काटकसरीला सबळ कारण होते. ३०० बॉडच्या मॉडेमवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे जात. १९२० कोष्ठकांचे पूर्ण पटल पुन्हा रंगवायला एक मिनिट चार सेकंद लागले असते. तेवढ्या वेळात रोगमधील राक्षसाला साधक दोनदा खाता आला असता.

येथे प्रमाणांचा प्रश्न उपस्थित होतो. लायब्ररी पटलाकडे कधीही पाहत नाही. आपण काय लिहिले होते, हे ती आठवते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही प्रमाणे मानली आणि स्मृतीला प्रमाणांत जागा दिली नाही. कर्सेसचे एकमेव प्रमाण स्मृती आहे. त्यामुळे साधकाने डीबगिंगसाठी मध्येच एक प्रिंट टाकले, तर ते अक्षर पटलावर दिसते पण लायब्ररीला ठाऊक नसते. ती त्याच्यावर लिहीत नाही आणि ते पुसतही नाही, कारण तिच्या लेखी तिथे काही नाहीच. जे सर्वांना दिसते ते एकट्या कर्त्याला दिसत नाही, असे या पदार्थाचे विलक्षण स्वरूप आहे. पटल संपूर्ण पुन्हा रंगवण्याची जी सोय बरेच प्रोग्राम कंट्रोल-एलवर ठेवतात, ती अशाच अनाहूत अक्षरांच्या विसर्जनासाठी.

रिफ्रेशबाबत दोन संप्रदाय आहेत. पहिला अर्थातच रिफ्रेशवाद्यांचा. दुसरा गेटचवाद्यांचा, आणि त्यांचा उगम बहुशः टर्बो सीच्या संस्कारात सापडतो. त्यांच्या मते अक्षर दिसण्याचे कारण गेटच आहे. पुरावा म्हणून ते आपला प्रोग्राम दाखवतात: त्यात रिफ्रेश कुठेच नाही, शेवटी सवयीने गेटच आहे, आणि 'हॅलो' दिसतो. हा पुरावा खोटा नाही. गेटच कळीची वाट पाहण्याआधी गुपचूप रिफ्रेश करते. पुढे याच साधकाला 'हॅलो' डावीकडून उजवीकडे सरकवायचा असतो. कळीची वाट पाहायची नसल्याने तो गेटच काढून तिच्या जागी स्लीप घालतो आणि काळोखासमोर बसून राहतो. गेटचवाद्याचे रिफ्रेशवाद्यात रूपांतर याच क्षणी होते. अन्य कोणत्याही युक्तिवादाने ते झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पटलाच्या १९२० कोष्ठकांपैकी १९१९ कोष्ठके निरुपद्रवी आहेत. उरलेले एक, म्हणजे शेवटच्या पंक्तीतील शेवटचे, नकाशाच्या हिशेबाने आग्नेय दिशेस पडते. त्याचा स्वतंत्र विचार अटळ आहे. पायथनमध्ये तिथे अक्षर लिहिण्याची आज्ञा दिली असता अक्षर उमटते. त्यानंतर रीतीप्रमाणे कर्सर एक घर पुढे जाऊ पाहतो. पुढे घर नाही, खाली पंक्ती नाही, पटल वर सरकवण्याची परवानगी नाही. म्हणून आज्ञा अयशस्वी ठरते आणि प्रोग्राम एररसह कोसळतो. कर्म पूर्ण झाले, फळही मिळाले, आणि दोष त्यानंतर लागला. सी भाषेत हेच कृत्य केल्यास आज्ञा केवळ ईआरआर असे मूल्य परत करते, आणि ते मूल्य तपासणारा प्रोग्रामकर्ता दुर्मीळ असल्याने पाप घडूनही त्याची वाच्यता होत नाही. यावर तीन मते आहेत. त्यागवादी ते कोष्ठक कायम रिकामे सोडतात. त्यांच्या खालच्या स्टेटस बारला उजव्या टोकाशी एक फट असते, तीवरून ते ओळखावेत. क्षमावादी आज्ञेभोवती ट्राय-एक्सेप्ट घालून पुढे जातात. तिसरे वक्रमार्गी, ते लिहिण्याऐवजी इन्सच या आज्ञेने अक्षर खुपसतात. तीत कर्सर जागचा हलत नसल्याने दोषाचा प्रसंगच येत नाही. मार्ग वाकडा असला तरी शुद्ध आहे, असा निर्वाळा आम्ही देतो.

चौकटीच्या स्वरूपाबद्दल थोडक्यात. टर्मिनल आणि लायब्ररी यांचे अक्षरसंचाबाबत एकमत नसेल, तर चौकटीची वरची कड रेषेऐवजी 'एल क्यू क्यू क्यू के' अशी उमटते आणि बाजूंना 'एक्स' उभे राहतात. व्हीटी१०० च्या रेषासंचात याच अक्षरांच्या जागी कोपरे आणि रेषा होत्या. क्यूंची ही चौकटही चौकटच होय, असे मानणारे साधक आहेत. ते संख्येने थोडे असून बहुधा थकलेले असतात.

त्या चौकटीत 'हॅलो'ऐवजी देवनागरी मजकूर भरू पाहणाऱ्याने प्रथम लोकेल लावावे आणि नंतरच पटल सुरू करावे. त्यानंतर प्रश्न उरतो मापनाचा. रूढ नियमानुसार व्यंजनाला एक कोष्ठक. उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शून्य. काना, वेलांटी व विसर्ग यांना प्रत्येकी एक. या मापाने पुणे दोन कोष्ठकांत मावते. ठाण्याला तीन लागतात, नागपूरला पाच आणि कोल्हापूरला सात. यावरून त्या त्या शहरांविषयी कोणतेही अनुमान काढू नये. ऱ्हस्व वेलांटीचा प्रश्न याहून बिकट आहे. ती साठवली जाते व्यंजनानंतर, काढली जाते व्यंजनाआधी, आणि तिला स्वतःचे वेगळे कोष्ठक दिलेले असते. 'कि' या अक्षरात पहिल्या कोष्ठकात नेमके कोण बसले, यावर अनेक टर्मिनले ठिपक्यांचे एक वर्तुळ काढून मोकळी होतात. टर्मिनलची मोजणी लायब्ररीशी जुळली नाही, तर चौकटीची उजवी भिंत दर पंक्तीला वेगळ्या जागी उभी राहते. अशा भिंतीला आम्ही 'चलभित्ती' म्हणतो.

शेवटी प्रायश्चित्त. पटलाचा ताबा घेताना लायब्ररी टर्मिनलचे काही स्वाभाविक धर्म बंद करते: टाइप केलेले अक्षर दिसणे, आणि नवी ओळ आली की डाव्या कडेस परतणे. जाताना एन्डविन ही आज्ञा देऊन ते धर्म परत करावे लागतात. प्रोग्राम एन्डविनपूर्वीच कोसळला, तर पटल अर्धदीक्षित अवस्थेत मागे राहते. त्यावर येणारा एरर मेसेज प्रत्येक ओळीगणिक उजवीकडे सरकत जातो, कारण ओळ बदलते पण कडेस परतणे होत नाही. हा सोपानदोष. पायथनमध्ये रॅपर वापरणाऱ्यास तो लागत नाही. एरर आला तरी रॅपर आधी धर्म परत करतो आणि मग एरर दाखवतो. रॅपर हे नित्यकर्म समजावे. ते चुकल्यास नैमित्तिक कर्म म्हणून रिसेट ही आज्ञा द्यावी, किंवा एसटीटीवाय सेन. मात्र ती टाइप करताना पटलावर काहीही दिसणार नाही. रिसेटची पाचही इंग्रजी अक्षरे अंधारात, न चुकता, क्रमाने उच्चारावीत, आणि एंटर ऐकत नसल्यास कंट्रोल-जे दाबावे. मध्येच शंका येऊन बॅकस्पेस दाबल्यास जप पहिल्यापासून करावा.

टर्मिनलची खिडकीच बंद करून नवी उघडणारा पंथ संख्येने सर्वांत मोठा आहे. शास्त्राने त्याची नोंद घेतली आहे, मान्यता दिलेली नाही.